एकट्याचा अभ्यास आणि संगतीचा अभ्यास



अभ्यास करणारा मुलगा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. घर लहान, माणसे फार, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दिव्याखाली वाचत बसलेला एकटा मुलगा. हे चित्र आपल्याला पूज्य वाटते, आणि त्याला कारणही आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घरातली माणसे झोपल्यावर, पहाटे दोन वाजता उठून वाचणारे भीमराव आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. म्हणून आपले आईबाप मुलांना सांगतात, "पोरांत बसू नकोस, एकटा बस, तरच डोक्यात शिरेल."

हा उपदेश पूर्ण खरा आहे काय? विद्यार्थ्याने एकट्याने अभ्यास करावा, की चारचौघांत बसून करावा? निरनिराळ्या देशांतील आणि समाजांतील विद्यार्थी या बाबतीत काय करतात, आणि त्याचा परिणाम काय होतो? या पाठात आपण एवढ्याच प्रश्नाचा विचार करू. प्रश्न साधा दिसतो, परंतु ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी कॉलेजात जात आहे, त्या घराचे पुष्कळसे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

बर्कलेचे उदाहरण

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कले येथे एक नामांकित विद्यापीठ आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथे युरी ट्राइसमन नावाचा गणिताचा एक तरुण संशोधक विद्यार्थी नवख्या शिक्षकांना तयार करण्याचे काम करीत होता. पहिल्या वर्षाच्या कलनगणितात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते. त्याआधीच्या दहा वर्षांचा हिशेब पाहिला तर हा विषय पुरा करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्के विद्यार्थ्यांना अगदी खालच्या श्रेणी मिळालेल्या होत्या. ज्याला कलनगणित जमले नाही त्याला इंजिनिअरिंग, वैद्यक आणि विज्ञान या तिन्ही वाटा बंद होतात. त्याच विद्यापीठात, त्याच वर्गात, चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र चांगले यश मिळवीत होते.

असे का होते, हे ट्राइसमन यांनी प्राध्यापकांना विचारले. जी उत्तरे आली त्यांत चार समजुती प्रमुख होत्या. पहिली, या मुलांना शिकण्याची ओढच नाही. दुसरी, शाळेत त्यांचा पाया कच्चा राहिला. तिसरी, त्यांच्या घरात शिक्षणाची कदर नाही. आणि चौथी, हे सारे गरिबीमुळे होते.

वाचकहो, या चार समजुती आपण कोठे ऐकल्या आहेत काय? "सवलतीने आलेले", "घरात वातावरण नाही", "ह्यांना गणित जमायचे नाही" ही वाक्ये आपल्या मुलांच्या कानांवर शाळेच्या पहिल्या दिवसापासून पडत असतात. सात समुद्रांपलीकडचे शिक्षित लोक दुसऱ्या एका पिचलेल्या समाजाविषयी नेमके हेच बोलत होते.

ट्राइसमन यांनी या समजुती गृहीत धरल्या नाहीत, तपासून पाहिल्या. त्यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी विद्यार्थी निवडले. हे विद्यार्थी कोठे बसतात, किती वेळ वाचतात, अडले म्हणजे काय करतात, हे अनेक महिने त्यांच्यात राहून पाहिले. तेव्हा चारही समजुती कोलमडून पडल्या. या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आपापल्या शाळेतून पहिले आलेले होते. आपले मूल कॉलेजात जाईल असा निश्चय त्यांच्या आईबापांनी मुलाच्या लहानपणीच केलेला होता. प्रवेशाच्या वेळी गणितात चांगले गुण मिळवलेले विद्यार्थीही नापास होत होते, आणि सर्व नापास विद्यार्थी गरीब घरचेही नव्हते.

मग फरक होता तरी कोठे? तो अभ्यासाच्या रीतीत होता.

दोन रीती

कृष्णवर्णीय विद्यार्थी एकटे अभ्यास करीत. वर्गातल्या दर तासामागे घरी दोन तास, असे आठवड्याला सुमारे आठ तास ते नेमाने बसत. त्यांची मित्रमंडळी होती, परंतु मैत्री वेगळी आणि अभ्यास वेगळा, असे त्यांनी आयुष्याचे दोन कप्पे केले होते. शेजारच्या खोलीतला विद्यार्थी त्याच उदाहरणाशी झगडत आहे, याचा त्यांना पत्ता नसे.

चिनी विद्यार्थी आठवड्याला सुमारे चौदा तास देत. त्यांपैकी आठ ते दहा तास तेही एकटेच बसत. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एकट्याने करण्याच्या कष्टात ते कृष्णवर्णीयांपेक्षा कमी नव्हते. परंतु त्यानंतर संध्याकाळी ते एकत्र येत, बरोबर जेवत आणि आपापल्या वह्या समोर ठेवून उत्तरे ताडून पाहत. चौघांचे उत्तर एक आणि पाचव्याचे वेगळे आले, तर पाचव्याला तिथल्या तिथे कळे की चूक आपली आहे. सर्वांचीच उत्तरे वेगवेगळी आली, तर सर्वांना कळे की उदाहरणच अवघड आहे आणि शिक्षकांना विचारायला हवे. ते जुन्या प्रश्नपत्रिका काढून एकमेकांची परीक्षा घेत. कोणाचा थोरला भाऊ, कोणाचा चुलतभाऊ येऊन चार गोष्टी सांगून जाई. कोणत्या कार्यालयात काय काम कसे होते, हेही याच बैठकीत कळे.

आता एकट्या बसणाऱ्याची स्थिती पाहा. त्याला उदाहरण सुटले नाही, तर ते अवघड म्हणून सुटले नाही की आपली पद्धत चुकली म्हणून, हे सांगणारा कोणी नाही. चुकीचे उत्तर त्याला बरोबरच वाटत राहते. मग परीक्षेचा निकाल येतो आणि तो थक्क होतो. इतके कष्ट केले, तरी हे गुण? त्याच्याजवळ एकच उत्तर उरते : दोष माझ्यातच आहे, कदाचित लोक म्हणतात तेच खरे आहे. अशा रीतीने बाहेरच्यांनी लादलेला कमीपणा कष्टाळू विद्यार्थी स्वतःच्या हाताने स्वतःवर शिक्कामोर्तब करून घेतो. एकटेपणातला सर्वांत मोठा धोका हा आहे.

हा फरक रक्तातला नाही

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. "चिनी लोक मुळातच संघटित, कृष्णवर्णीय मुळातच एकलकोंडे" असा अर्थ कोणी काढला, तर तो जातीचाच सिद्धांत नव्या कपड्यांत आणील. खुद्द चीनमध्ये कॉलेज प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेसाठी मुले वर्षानुवर्षे आपापल्या बाकावर मान मोडून एकटीच पाठांतर करतात. जपानात प्राथमिक शाळेच्या वर्गात मुलांचे छोटे गट असतात. गटाने जेवायचे, गटाने वर्ग झाडायचा, गटाने उत्तर शोधायचे. परंतु तीच मुले मोठी झाली की प्रवेशपरीक्षेसाठी एकेकटी शिकवण्यांना जातात. म्हणजे रीत ही जन्माने येत नाही. परिस्थितीतून ती पडते आणि प्रयत्नाने बदलते.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची एकट्याची रीतही परिस्थितीतून आली होती. ज्या शाळांतून ते आले तेथे शिकणारी मुले थोडी आणि न शिकणारी फार. त्या गर्दीपासून अलग राहिले म्हणूनच ते शाळेत पुढे आले. अलग राहणे ही त्यांची ढाल होती. शाळेत ज्या ढालीने वाचवले, तीच कॉलेजात बेडी झाली. आपल्या वस्तीतल्या हुशार मुलाचे असेच होते. पत्त्याच्या डावापासून आणि गुत्त्यापासून दूर ठेवण्यासाठी आपण त्याला एकटे बसवतो, आणि ते त्या वेळी योग्यच असते. परंतु शहरातल्या कॉलेजात गेल्यावर तो शिकणाऱ्यांमध्येही एकटाच बसतो.

शिवाय प्रत्येक एकटेपण आपण होऊन निवडलेले नसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. २००७ साली तिचा अहवाल आला. वसतिगृहात, भोजनगृहात, खेळात या विद्यार्थ्यांना कसे वेगळे पाडले जाते, हे त्यात नोंदवले गेले. जेवणाच्या टेबलावरून ज्याला उठवले जाते, त्याला अभ्यासाच्या बैठकीला कोण बोलावणार? म्हणून "तू त्यांच्यात मिसळत का नाहीस" असे मुलालाच विचारून भागत नाही. बसायला जागा आणि सोबत निर्माण करणे हे मोठ्यांचे काम आहे.

ट्राइसमन यांनी नेमके तेच काम केले. १९७८ पासून बर्कलेत त्यांनी गणिताच्या कार्यशाळा चालविल्या. त्यांचे नाव "कच्च्या मुलांचा वर्ग" असे ठेवले नाही. ही हुशार, मेहनती मुलांची जादा बैठक आहे असे सांगून बोलावले. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, पाच ते सात जणांचे गट बसत. उदाहरणे सोपी करून दिलेली नसत, उलट अधिक अवघड असत. शिक्षक फळ्यावर उत्तर लिहून देत नसे. तो गटागटांतून फिरे आणि अडलेल्याला एखादा प्रश्न विचारून पुढे ढकली. या कार्यशाळा फक्त कृष्णवर्णीयांपुरत्या बंद नव्हत्या. इतर विद्यार्थीही त्यांत बसत. पहिल्या चार-पाच वर्षांत कार्यशाळेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना चांगल्या श्रेणी मिळाल्या. कार्यशाळेबाहेर राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. कार्यशाळेत आले ते आपणहून आले होते, एवढी गोष्ट हिशेबात धरली तरी हा फरक लहान नाही. पुढे अमेरिकेतील पुष्कळ कॉलेजांनी ही रीत उचलली.

इतर समाजांत काय दिसते

यहुदी लोकांच्या धर्मपाठशाळांत दोन-दोन विद्यार्थ्यांची जोडी करून ग्रंथ वाचण्याची जुनी प्रथा आहे. जोडीतला एक मोठ्याने वाचतो, अर्थ सांगतो, आणि दुसरा त्याला अडवतो. पाठशाळेत शांतता नसते, कोलाहल असतो. जो आपल्याला अडवत नाही तो जोडीदार कामाचा नाही, असे तेथे मानतात.

तिबेटी विहारांत विद्यार्थी भिक्खू ग्रंथ एकट्याने पाठ करतो. त्यानंतर अंगणात वाद होतो. एक जण खाली बसतो आणि आपले म्हणणे मांडतो. दुसरा त्याच्यासमोर उभा राहून प्रश्न टाकतो, आणि प्रश्न टाकताना जोराने टाळी वाजवतो. पाठ केलेले समजले आहे की नाही, याची कसोटी तेथे लागते. १९५९ नंतर तिबेट सोडून आलेल्या भिक्खूंनी कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड येथे आपली विद्यापीठे पुन्हा उभारली. तेथे हे वाद आजही पाहावयास मिळतात.

स्वीडन देशातील उदाहरण आपल्या वडीलधाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. तेथे १९०२ साली लुंड या गावी ऑस्कर ओल्सन या शिक्षकाने दारूबंदी चळवळीतील लोकांचे अभ्यासमंडळ सुरू केले. बहुतेक सभासद कामकरी होते आणि शाळा त्यांची लवकर सुटलेली होती. त्यांनी मिळून पुस्तके घेतली. प्रत्येकाने पुस्तक घरी नेऊन वाचावे आणि ठरल्या दिवशी सर्वांनी जमून त्यावर बोलावे, असा नेम होता. ही मंडळे इतकी वाढली की काही वर्षांत सरकारने त्यांच्या ग्रंथालयांना अनुदान सुरू केले. अभ्यास फक्त मुलांनी करायचा नसतो आणि त्याला पदवी लागत नाही, हे या कामकऱ्यांनी दाखवून दिले.

धम्म काय सांगतो

काही धम्मबंधू विचारतील, "भगवंतांनी स्वतःच स्वतःचा दीप व्हा असे सांगितले. मग दुसऱ्याच्या संगतीची गरज काय?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर मज्झिम निकायातील चूळगोसिंग सुत्तात मिळते.

अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू गोसिंग शालवनात राहत होते. दिवसभर ते मौन पाळून आपापली साधना करीत. भिक्षेहून जो आधी येई तो आसने मांडी, पाणी भरून ठेवी. जो शेवटी येई तो सारे आवरून जागा झाडी. पाण्याचे भांडे रिकामे दिसले तर ज्याला दिसे तो भरी. एकट्याला ते उचलेनासे झाले, तर तो हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी, आणि दोघे मिळून ते उचलत. आणि दर पाचव्या रात्री ते तिघे रात्रभर एकत्र बसून धम्मचर्चा करीत. त्यांची ही राहणी भगवंतांनी वाखाणली.

यात सारा पाठ आला. चार दिवस एकट्याचे, पाचवी रात्र सर्वांची. जे एकट्याला उचलते ते एकट्याने उचलावे. जे उचलत नाही त्यासाठी खूण करावी, आणि खूण करण्यात लाज मानू नये.

दुसरी कथा मेघिय भिक्खूची. एक रम्य आमराई पाहून त्याला तेथे एकट्याने साधना करण्याची इच्छा झाली. भगवंतांनी त्याला थांबण्यास सांगितले, तरी तो आग्रह धरून गेला. तेथे त्याचे मन नको त्या विचारांनी भरून गेले. तो परत आला तेव्हा अपरिपक्व मनाला परिपक्व करणाऱ्या पाच गोष्टी भगवंतांनी सांगितल्या, आणि त्यांत पहिली गोष्ट कल्याणमित्र ही सांगितली. कल्याणमित्र म्हणजे गोड बोलणारा सोबती नव्हे. आपली चूक आपल्याला दाखवतो आणि तरीही आपल्याजवळ बसतो, तो कल्याणमित्र. दीप स्वतःचाच असतो, परंतु वारा सुटला म्हणजे आडोसा धरणारा हात दुसऱ्याचा असला तर दीप टिकतो.

गटाचे दोषही ओळखावेत

परंतु चारजण जमले म्हणजे अभ्यास झाला, असेही नाही. रिंगेलमान या फ्रेंच संशोधकाने माणसांना दोर ओढावयास लावून प्रयोग केले. १९१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसे वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आठजण मिळून ओढू लागले तेव्हा एकेकाची ओढ त्याच्या एकट्याच्या ओढीच्या निम्म्यावर आली होती. वहीच्या बाबतीतही असेच होते. एक जण सोडवतो, पाचजण उतरवून घेतात.

मी शाळेत गणित शिकवतो. "समजले का?" असे विचारले की सारा वर्ग होकार देतो. त्याच वर्गातल्या एखाद्या मुलीला उठवून "आता शेजारणीला समजावून सांग" म्हटले की तिला स्वतःलाच तिसऱ्या ओळीवर अडखळायला होते. त्या अडखळण्यातूनच तिचे शिकणे सुरू होते. उतरवून घेणाऱ्याला असे अडखळावे लागत नाही, म्हणून तो काही शिकत नाही. बर्कलेचे चिनी विद्यार्थी आठ ते दहा तास एकटे बसून मगच बैठकीला येत, याचे मर्म येथे आहे. जो रिकाम्या हाताने बैठकीला येतो तो रिकाम्या हातानेच परत जातो.

आपण काय करावे

आपल्या पुष्कळ वस्त्यांत बुद्धविहार आहे, नाही तेथे समाजमंदिर आहे. वंदना झाली की बाकीचा वेळ ती जागा बहुधा कुलूपबंद असते. तेथे आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासमंडळ बसविता येईल. त्यासाठी पुढील नियम उपयोगी पडतील.

१. एका गटात चार ते सहा मुलेमुली असावीत. त्याहून अधिक झाल्यास दुसरा गट करावा.

२. प्रत्येकाने घरी एकट्याने प्रयत्न करूनच यावे. उत्तर चुकले तरी चालेल, पण वही कोरी नसावी.

३. आधी उत्तरे ताडावीत. जेथे ती जुळत नाहीत तेथेच चर्चा करावी.

४. ज्याला कमी येते त्याने प्रथम सांगावे. सांगताना इतरांनी वह्या मिटून ठेवाव्यात.

५. कोणालाच न सुटलेले प्रश्न एका वहीत लिहावेत आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारावेत. आपल्या एकट्याचा प्रश्न विचारायला मूल लाजते. सर्वांचा प्रश्न म्हणून ते धीटपणे विचारते.

६. वस्तीतून कॉलेजात गेलेल्या दादाने किंवा ताईने महिन्यातून एकदा तरी यावे. अर्ज, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांची माहिती द्यावी.

७. गटाचे दार कोणत्याही जातीच्या, धर्माच्या मुलासाठी उघडे असावे. दार बंद ठेवण्याचे दुःख ज्यांनी भोगले त्यांनी दार बंद करू नये.

८. मुलींची अडचण आधी सोडवावी. संध्याकाळची वेळ ही पाण्याची आणि स्वयंपाकाची असते. मुलगा विहारात आणि मुलगी चुलीपाशी, असे असेल तर ते मंडळ अर्धेच आहे. दोन संध्याकाळचे पाणी भावाने भरावे. अंधार पडल्यावर मुलींना घरी पोचविण्याची जबाबदारी मोठ्यांनी आळीपाळीने घ्यावी.

आईबाप अक्षरशत्रू असले तरी त्यांना एक काम करता येते. मूल घरी आल्यावर "किती मार्क पडले" एवढेच न विचारता "आज कोणाला काय समजावून सांगितलेस, आणि तुला कोणी काय सांगितले" असे विचारावे. उत्तर समजले नाही तरी ऐकावे. मूल सांगता सांगता पक्के होते.

बाबासाहेबांनी रात्र रात्र एकट्याने वाचन केले. परंतु १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर थोड्याच महिन्यांत, १९२५ च्या जानेवारीत, सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. पुढे त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. ज्याने स्वतः एकट्याने वाट काढली, त्याने पुढच्यांना एकटे चालावे लागू नये अशी तजवीज केली. शिकणे आणि संघटित होणे या दोन आज्ञा आपण वेगवेगळ्या समजतो. पहिली विद्यार्थ्यासाठी, दुसरी कार्यकर्त्यासाठी. वस्तुतः विद्यार्थ्यासाठीच त्या दोन्ही एकत्र आहेत.

मननासाठी प्रश्न

१. बर्कलेच्या प्राध्यापकांच्या चार समजुती कोणत्या? आपल्या मुलांविषयी अशा कोणत्या समजुती ऐकू येतात, आणि त्या कधी कोणी तपासून पाहिल्या आहेत काय?

२. चिनी विद्यार्थी गटात बसण्यापूर्वी काय करीत? ते केले नसते तर गटाचा उपयोग झाला असता काय?

३. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल यांच्या राहणीतून विद्यार्थ्याने कोणता नेम घ्यावा?

४. आपल्या वस्तीत एकटे पडलेले शिकणारे मूल कोणते? त्याला या आठवड्यात कोण बोलावणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरात चर्चा करून ठरवावे, आणि लगेच त्या मुलाच्या घरी जावे.